नागपूरच्या होस्टेलात मेस कमिटीवर निवडून आलात? मग हे वाचा

गंज_आणि_झारा
राजेहो, जुलै आला. नवी कमिटी बसेल, कोणाच्या तरी हातात मेसची वही येईल आणि पंधरा दिवसांत अर्धं होस्टेल त्याच्याशी बोलायचं बंद होईल. होस्टेलातल्या गमती आठवून सगळे हसतात, पण पोळीवरून झालेली भांडणं, कूलरवरून झालेले रुसवे, सेक्रेटरीच्या दारावर लावलेल्या चिठ्ठ्या, या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असतं. नियम भांडणानंतर लिहिला गेला. तो आधी लिहून भिंतीवर लावला असता तर त्याच गोष्टीवर सगळे मिळून हसले असते. म्हणून हा धागा. ज्याला जे नीट माहीत आहे ते त्यानं आकड्यांसकट लिहावं.

सुरुवात हिशेबापासून. आपल्याकडे बऱ्याच मेस डिव्हायडिंग पद्धतीने चालतात. म्हणजे महिन्याचा खर्च भागिले एकूण डाएट. एक माणूस एक दिवस दोन्ही वेळ जेवला की एक डाएट. ऐकायला सोपं आहे, चुकतं मात्र दर वर्षी, आणि चुकतं ते शिल्लक मालात.

उदाहरण घ्या. १२० पोरं, ३० दिवस, म्हणजे ३,६०० डाएट. त्यातून रिबेटचे, म्हणजे घरी गेल्यानं न जेवलेल्या दिवसांचे, २४० गेले, उरले ३,३६०. महिन्याच्या १ तारखेला कोठीत माल होता १८,००० चा. महिनाभराची खरेदी १,९२,०००. महाराज (स्वयंपाकी) आणि हाताखालच्यांचा पगार ६६,०००. गॅस १४,०००. झाले २,९०,०००. आता शेवटच्या दिवशी रात्री जेवणं उरकल्यावर कोठी मोजायची: तेलाचे डबे, तांदळाचे कट्टे, डाळ, साखर. समजा १५,२०० चा माल निघाला. तो वजा. पाहुण्यांच्या कूपनचे ६,००० आले, तेही वजा. राहिले २,६८,८००. भागिले ३,३६०. दर आला ८० रुपये.

कोठी मोजायचा कंटाळा केला आणि ते १५,२०० वजा केले नाहीत, तर दर साडेचौऱ्याऐंशीवर जातो. पुढच्या महिन्यात तोच माल फुकट आल्यासारखा दिसतो आणि दर खाली येतो. म्हणजे या महिन्यात जेवणाऱ्यानं पुढच्या महिन्याच्या तेलाचे पैसे भरले. मग पोट्टे म्हणतात सेक्रेटरीनं खाल्ले. त्यानं खाल्लेले नसतात, त्यानं मोजलेले नसतात.

कोठी मोजताना दोघं लागतात, एक मोजणारा आणि एक लिहिणारा, आणि लिहिणारा कमिटीबाहेरचा असला पाहिजे. तो कागद त्याच रात्री मेसच्या दारावर लावा. दुसऱ्या दिवशी लावलेल्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही.

चिल्लर_खाते
गंजभाऊ, हिशेब बरोबर आहे, पण एक अन्याय राहून गेला. पगार हा जेवणावर अवलंबून नसतो. दिवाळीत ८० पोरं घरी गेली तरी महाराजांचा पगार तेवढाच. सगळा खर्च डाएटवर टाकला तर मागे राहिलेल्या ४० जणांच्या डोक्यावर १२० जणांचा पगार बसतो. आणि मागे राहतात कोण? गडचिरोली-भामरागडकडची, गाडीभाड्याचा विचार करणारी पोरं. मला हे अजिबात पटत नाही.

पगार आधी सगळ्यांवर सारखा वाटा. तुमच्याच आकड्यांत ६६,००० भागिले १२०, म्हणजे डोई ५५० रुपये. उरलेले २,०२,८०० भागिले ३,३६०, म्हणजे डाएटला ६० रुपये ३६ पैसे. पूर्ण ३० दिवस जेवणाऱ्याला साधारण २,३६१ पडतात, तुमच्या पद्धतीत २,४०० पडले असते. १८ दिवस जेवणाऱ्याला १,६३६ पडतात, तुमच्या पद्धतीत १,४४०. बारा दिवस घरी राहणारा कुरकुरेल. त्याला सांगायचं की तू परत येशील तेव्हा चूल पेटलेली असावी म्हणून हे पैसे आहेत.

फक्त हे सत्राच्या पहिल्या जनरल बॉडीत मंजूर करून घ्या. दिवाळीच्या तोंडावर मांडलं तर घरी जाणारे जास्त असतात आणि ठराव पडतो.

गंज_आणि_झारा
मान्य. तुमचीच पद्धत जास्त न्यायाची आहे. गॅस मात्र डाएटवरच ठेवा, तो जेवणाबरोबर कमी-जास्त होतो.

नवा_रूममेट
दादा, रिबेटचं काय करायचं? आमच्याकडे पोरं घरी जातो म्हणून सही करतात आणि रात्री मित्राच्या ताटात जेवतात.

चिल्लर_खाते
रिबेट सलग तीन दिवसांच्या खाली द्यायचा नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत रजिस्टरमध्ये स्वतः सही, फोनवरून नाही. सहाच का, तर महाराज त्यानंतर दुसऱ्या दिवसाची भाजी ठरवतात. सकाळी कॉटन मार्केटला जाणारा माणूस रात्रीच्या आकड्यावर निघतो. उशिरा सांगितलं तर भाजी आणली गेलेली असते, रिबेटचे पैसे मात्र वाचलेले नसतात.

एका ताटात दोघं जेवणं थांबवायला पहारा बसवू नका, त्यात फक्त वैर वाढतं. ताटांवर नंबर टाका. रिबेटवर गेलेल्याचं ताट त्या दिवशी कपाटात. पाहुण्याला वेगळ्या रंगाचं कूपन आणि वेगळं ताट. एवढ्यानं बहुतेक प्रकार थांबतात, कारण दुसऱ्याच्या ताटात हात घालताना सगळ्यांना दिसतं.

सांबारवडी
लेडीज होस्टेलच्या बाजूने थोडं पोळीबद्दल. सगळ्यात जास्त तक्रारी पोळीच्या, आणि त्यात महाराजांचा दोष फार कमी असतो.

शंभर जणींना सरासरी चार धरा, ४०० पोळ्या. होस्टेलच्या आकाराच्या पोळ्या एक किलो कणकेत ३२ ते ३४ होतात. म्हणजे १२ ते साडेबारा किलो. किलोला सहाशे-साडेसहाशे मिली पाणी, वर थोडं तेल, आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली. एप्रिल-मेमध्ये ते फडकं दर दहा मिनिटांनी ओलं करावं लागतं, नाहीतर गोळ्यावर पापुद्रा धरतो आणि पोळी कडेला फाटते. पोळी वातड झाली की मुली म्हणतात कणीक हलकी आणली. पुष्कळदा कणीक तीच असते, फक्त मळल्याबरोबर लाटायला घेतलेली असते.

आता वेळ पाहा. एक हात तासाला साधारण सव्वाशे पोळ्या लाटतो. दोन पोळीवाल्या ताई असतील तर ४०० पोळ्यांना दीड तासाच्या वरच लागतो. साडेसातला जेवण हवं असेल तर लाटणं सहाच्या आत सुरू झालं पाहिजे. कमिटी काय करते, तर रांग लागली म्हणून ताईंवर ओरडते. ओरडू नका. पहिल्या वर्षाला साडेसात, दुसऱ्याला पावणेआठ, अशा पाळ्या लावा. रांग आपोआप मोडते आणि सगळ्यांना गरम पोळी मिळते.

आणि एक वजनकाटा दाराशी ठेवा. उष्ट्याची बादली रोज रात्री मोजून फळ्यावर आकडा लिहा. कोणाचं नाव नाही, फक्त किलो. रागावण्यापेक्षा त्या आकड्यानं जास्त फरक पडतो, कारण मुली दुसऱ्या दिवशी तो कमी झाला का ते बघायला येतात.

आलूबोंडा_सीताबर्डी
वा ताई. मी रविवारच्या नाश्त्याचं लिहितो. नागपुरात होस्टेलच्या कमिटीची परीक्षा तर्री-पोह्यात होते. हे नीट जमलं तर आठवडाभराची ढोबळी मिरची माफ.

शंभर जणांसाठी: जाड पोहे ७ किलो. पातळ पोहे आणू नका, त्यांचा लगदा होतो. काळा हरभरा ३ किलो, शनिवारी रात्री नऊला भिजत घाला, तो सकाळी दुप्पट होतो. विसरलात तर सोडा टाकून शिजवायचा मोह होईल. तसा केला की साल सुटून वर तरंगते आणि रस्सा गढूळ होतो. त्यापेक्षा गरम पाण्यात तीन तास भिजवा आणि नाश्ता उशिरा द्या.

तर्रीसाठी तेल दीड लिटर, कांद्याचं वाटण २ किलो, आलं-लसूण ४०० ग्रॅम, तिखट पाव किलो, धणे-जिरे पूड, गरम मसाला. वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचं. कडेनं तेल दिसायला लागलं, झाऱ्यानं मधोमध रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहिली, म्हणजे झालं. तिखट शेवटी, आच कमी करून. आधी टाकलं तर जळतं आणि रंग काळपट येतो. मग हरभरा आणि १४-१५ लिटर पाणी, पण उकळतं. इथेच चुकतं. घाईत नळाचं गार पाणी ओतलं की सुटलेलं तेल परत मसाल्यात बसतं आणि वर लाल तवंग येत नाही. तवंग नाही तर ती तर्री नाही, हरभऱ्याची उसळ झाली.

पोहे चाळणीत दोन पाण्यांतून काढून दहा मिनिटं निथळू द्या. ३ किलो कांदा, ३०० ग्रॅम हिरवी मिरची, ७०० मिली तेलाची फोडणी. सात किलो एकाच गंजात (मोठ्या पातेल्यात) दाबू नका, खालचा थर आपल्याच वजनानं चिकटतो. दोन गंज करा, वर झाकण, खाली अगदी बारीक आच. वरून शेव, कच्चा कांदा, सांबार, लिंबाची फोड. पुण्या-मुंबईच्या पोरांना आधीच सांगून ठेवा की इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर ते वाटी घेऊन उभे राहतात.

वाळ्याची_ताटी
मेस महत्त्वाची, पण नागपुरात मार्चनंतर सगळं राजकारण कूलरचं असतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. ४५ च्या आसपास तर पारा दर वर्षीच्या मे महिन्यात जातो. अशा वेळी बंद पडलेला कूलर हा कमिटीवरचा अविश्वास ठराव समजा.

होळीच्या आधी, म्हणजे गर्दी होण्याआधी, सगळे कूलर एका रविवारी गच्चीवर काढा. टाकी घासा. तळाला पांढरा थर असतो तो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी तासभर ठेवून ब्रशनं निघतो. पत्र्याला गंज लागला असेल तर घासून आतून डांबराचा हात द्या. वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक धाग्यांच्या (कूलरचं गवत), ताट्या दर वर्षी नव्या घाला. जुन्यावर क्षार बसलेले असतात, पाणी त्यावरून घसरतं आणि हवेला गारवा येत नाही. नव्या ताट्या भरताना गवत सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. हातानं उजेडाकडे धरून पाहा. जिथून लख्ख उजेड दिसतो तिथून गरम झोत येणार. पहिल्या दिवशीचं पिवळं पाणी फेकून द्या, वास त्याचाच असतो.

वरच्या पन्हाळीतली भोकं बुजली की ताटीवर कोरडे पट्टे पडतात. पोरं म्हणतात पंप गेला. पंप गेलेला नसतो. खिळा घेऊन एकेक भोक मोकळं करा. आणि पंपाच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा, नाहीतर वुडवूलचे धागे आत जाऊन तो अडकतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद करणं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. ती हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. समोरची खिडकी अर्धी उघडी हवीच. जूनमध्ये पाऊस लागला की हवेतच ओल असते, तेव्हा नुसता पंखा सुरू ठेवा, पंप बंद.

पाणी भरायची पाळी ही खरी भांडणाची जागा. मे महिन्यात ८० लिटरची टाकी रात्रभरात आटते. खोलीत तिघं असतील तर वारानुसार पाळी लिहा आणि कागद कूलरलाच चिकटवा. नाव, वार, बादल्या. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत पाणी बदललं की साखळी तुटते.

तीन_पिन
ताटीभाऊंनी सगळं लिहिलं, पण सर्वात महत्त्वाचं मी जोडतो. लोखंडी कूलरचा शॉक जीव घेतो. विदर्भात दर उन्हाळ्यात अशी बातमी येते आणि ती वाचून दर वेळी पोटात कालवतं, कारण हे टाळता येतं.

दोन पिनांच्या एक्सटेन्शनवर कूलर लावू देऊ नका. तिसरी, जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती कापून किंवा वाकवून प्लग बसवलेला दिसला तर तो कूलर त्याच क्षणी बंद. सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, भिंतीत तीन भोकं असली म्हणजे आत तार आहे असं नाही. वॉर्डनकडे प्रत्येक मजल्याला ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. पाणी भरताना आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग बादली. पायात चप्पल. हे वाक्य पाळीच्या कागदावर सर्वात वर, लाल अक्षरांत.

मतपेटी_१३०
निवडणुकीबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं वर्ग प्रतिनिधी गुणांवर नेमले जायचे. २०१६ च्या कायद्याच्या ९९ व्या कलमात विद्यार्थी परिषदेसाठी पुन्हा निवडणूक आली. होस्टेल कमिटीला तो कायदा लागू नाही, पण विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात हे सांगणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशींचा नमुना तयार आहे, तोच घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये त्या लागू केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, निकालानंतर दोन आठवड्यांत त्याचा हिशेब, छापील पोस्टर बंद, हातानं केलेली तेवढी चालतात आणि तीही ठरलेल्या भिंतीवर, ७५ टक्के हजेरी, आणि अर्जापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. होस्टेलसाठी खर्चाचा आकडा ३०० वर आणा. हातानं केलेल्या पोस्टरांत जी मजा असते ती फ्लेक्समध्ये येत नाही.

१२० मतदार असतील तर १३० मतपत्रिका काढा, प्रत्येकीच्या मागे दोघांच्या सह्या, उरलेल्या मोजून पाकिटात बंद. खूण पेननं नको, शिक्क्यानं. आता इथे एक गंमत आहे. शाई ओली असताना कागद घडी केला की ठसा समोरच्या नावावर उमटतो आणि एका मतपत्रिकेवर दोन खुणा दिसतात. त्यावरून रात्रभर वाद चालतो. सरकारी मतपत्रिकेवरचा तो बाणांचा फुलीसारखा शिक्का याचसाठी आहे. घडीतून उमटलेला ठसा उलटा दिसतो, त्यामुळे खरा कोणता ते ओळखता येतं. तुम्हीही असाच उलट-सुलट वेगळा दिसणारा शिक्का घ्या. 'क' किंवा 'र' अक्षराचा रबरी शिक्का पुरतो. गोल किंवा चौकोन घेऊ नका.

मोजताना २५-२५ चे गठ्ठे. सारखी मतं पडली तर चिठ्ठी, आणि ती वॉर्डन उचलतील, हे मतदानाआधी लिहून ठेवा. जाहीरनाम्यात तेवढंच लिहा जे कमिटीच्या हातात आहे. चोवीस तास गरम पाणी तुमच्या हातात नाही. बुधवारी पाटवडी-रस्सा तुमच्या हातात आहे.

सांबारवडी
गॅदरिंगच्या फिशपाँडचंही (पेटीत टाकलेल्या, मंचावर वाचायच्या टोमण्यांच्या चिठ्ठ्यांचं) सांगते, कारण हसण्याची सगळ्यात मोठी जागा ती आणि रडण्याचीही तीच. पेटी चार दिवस आधी ठेवा. वाचणारी दोघं, वेगवेगळ्या वर्षांतली. बाद करायचे नियम पेटीवरच चिकटवा: जात, रंग, शरीर, घरची परिस्थिती, कोणाची जोडी लावणं. यातलं काहीही असेल तर चिठ्ठी तिथेच फाडायची, मंचावर न्यायची नाही. दोन ओळींपेक्षा लांब नको. अर्ध्या तासात ३५ ते ४० होतात, त्यापुढे लोक कंटाळतात. सवयीवर टोमणा चालतो, माणसावर नाही. जसं पाळी चुकवणाऱ्याला:

पाणी भरायच्या वेळी याला चढतो ताप,
कूलर सुरू झाला की उतरतो आपोआप!

किंवा मेस सेक्रेटरीला:

भिंतीवरच्या हिशेबात काजू दिसतात शंभर,
ताटात आमच्या शोधून पाहा, सापडेल फक्त सांबार!

दुसरा वाचताना कोठीचा कागद खरंच भिंतीवर असला पाहिजे. तो असेल तर सेक्रेटरी स्वतः सगळ्यात मोठ्यानं हसतो. नसेल तर तो फिशपाँड आरोप होतो.

झिरोमाइल_पायी
ढेकणांवर दोन ओळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घालवायची पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या दिवशी होस्टेलचा बडग्या (पुतळा) करून "ढेकूण घेऊन जा गे मारबत" म्हणणं ही पोरांची हौस आहे आणि ती जरूर करा. बांबू, तणस, जुनी वर्तमानपत्रं, प्लॅस्टिक नको. पण ढेकूण त्यानं जात नाहीत. मेच्या दुपारी लोखंडी खाटा गच्चीवर टाका आणि सांध्यांवर उकळतं पाणी ओता. गादीवर नुसतं ऊन पुरत नाही, आतपर्यंत पोचत नाही. गादीच्या शिवणी ब्रशनं झाडा आणि एका मजल्यावरच्या सगळ्या खोल्या एकाच दिवशी करा. एक खोली केली तर ते शेजारी राहून आठवड्यात परत येतात.

नवा_रूममेट
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, जुन्या कमिटीकडून नेमकं काय ताब्यात घ्यायचं?

गंज_आणि_झारा
कोठीची दोन्ही कुलपं आणि सगळ्या किल्ल्या, शेवटच्या रात्रीचा मोजलेला कागद, इतवारीतल्या किराणावाल्याकडची उधारी त्याच्या सहीनिशी, पोरांकडून येणं बाकी असलेली यादी, ताटांची संख्या, आणि १९ किलोच्या सिलेंडरांच्या डिपॉझिटची पावती. ती पावती दर वर्षी हरवते. मिळाल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढून वॉर्डनच्या फाइलला लावा. आणि किराणावाल्याकडे जुन्या सेक्रेटरीला सोबत घेऊन जा, दोघांसमोर वही वाचून घ्या.

नवा_रूममेट
उद्याच जातो दादा. ताटं आज मोजली, ११३ निघाली. रजिस्टरात १२६ आहेत.

सांबारवडी
खोल्यांमध्ये खाटेखाली बघ, मॅगीची भांडी झाकायला नेलेली असतात. कोणाचं नाव विचारू नकोस, मेसच्या दाराशी रिकामी टोपली ठेव दोन दिवस.